सायकोसिसच्या पहिल्या झटक्यानंतर ॲक्ट थेरपी : सुरुवातीच्या सत्रांत नक्की काय करायचं?

शून्य_मैल

नागपूरच्या मेडिकलमधून (सरकारी मेडिकल कॉलेजातून) किंवा खाजगी दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन येणाऱ्या मुलामुलींबद्दल हा धागा आहे. वय साधारण १८ ते २५, सायकोसिसचा (नसलेले आवाज ऐकू येणं, पक्का संशय घेणं) पहिला झटका दोन-चार महिन्यांपूर्वी येऊन गेलेला, गोळ्या सुरू. झोप लागते, आरडाओरडा थांबलेला असतो, पण आवाज पूर्ण गेलेले नसतात. मूल खोलीबाहेर येत नाही आणि घरच्यांचा एकच प्रश्न असतो, "कॉलेज कधी सुरू करायचं?"

'तो आवाज खरा नाही' हे पटवत बसण्यापेक्षा, आवाज असतानाही आयुष्य पुन्हा हाती घेता यावं यावर काम करणारी ॲक्ट (ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी) मला इथे जास्त उपयोगाची वाटते. स्टीव्हन हेज आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून ती घडवली. तिचे सहा भाग इथल्या बहुतेकांना माहीत आहेत : मनात येईल त्याला जागा देणं, विचारापासून थोडं सुटं होणं, आत्ताच्या क्षणात असणं, अनुभव पाहणारा 'मी' वेगळा ओळखणं, काय मोलाचं आहे ते ठरवणं आणि त्या दिशेने पाऊल टाकणं. पण बरेचसे व्यायाम चिंता आणि नैराश्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले आहेत. डोळे मिटून वीस मिनिटं बसवणं सायकोसिसमध्ये कितपत सुरक्षित?

आणि घरच्यांची भीती रास्त आहे : आवाजाला 'जागा दे' म्हटलं तर तो आवाजाचंच ऐकायला लागणार नाही का? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

निमपर्णी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर पुढचं सगळं बिघडतं.

जागा द्यायची ती 'आवाज आला' या घटनेला. आवाज जे म्हणतो ते खरं मानायचं नाही, तो जे सांगतो ते करायचं नाही. पहिल्याच सत्रात हे मुलाला आणि आईवडिलांना एकत्र बसवून सांगायचं आणि कागदावर लिहून द्यायचं, कारण सायकोसिसमध्ये लक्ष आणि स्मरण दोन्ही कमजोर झालेलं असतं. तोंडी सांगितलेलं पुढच्या आठवड्यापर्यंत टिकत नाही.

सत्र ४५ मिनिटांचं ठरलं असलं तरी कामाची २५-३० मिनिटं धरा. एका सत्रात एकच व्यायाम. पहिली दोन सत्रं ओळख आणि हिशेब यात जातात. हिशेब म्हणजे असा : आवाज थांबवायला आतापर्यंत काय काय केलं? कानात बोळे घातले, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली, उलट ओरडला, दिवसभर झोपून राहिला, गांजा ओढला. प्रत्येकाला तीन प्रश्न. थोड्या वेळासाठी फरक पडला का? दुसऱ्या दिवशी काय झालं? त्यापायी काय सुटलं? उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहायची. इथे 'बघ, तुझे सगळे उपाय फसले' असा सूर लागला तर मूल खचतं. पुस्तकात या टप्प्याला हताशेचं नाव दिलेलं आहे, पण नुकतंच इस्पितळातून आलेल्या मुलाला आणखी हताश करण्याची गरज नसते. "तू खूप धडपड केलीस, त्यात तुझा पुष्कळ वेळ गेला" एवढं पुरतं.

शांत बसण्याच्या व्यायामात डोळे मिटायचे नाहीत. पाय जमिनीवर, नजर समोरच्या टाइलवर. सुरुवात तीन मिनिटांनी, हळूहळू दहापर्यंत, त्यापुढे नाही. पॉल चॅडविक यांनी सायकोसिससाठी बसवलेली पद्धत हीच : दहा मिनिटं, आणि मधे लांब शांतता नाही, दर अर्ध्या-एक मिनिटाला थेरपिस्टचा आवाज. शांतता लांबली की मुलगा आवाजाबरोबर एकटा पडतो.

गोरेवाडा

निमपर्णी ताईंचा तपशील उत्तम आहे. पण पुराव्याचं वजन लपवू नये, म्हणून डॉक्टरांच्या बाजूने लिहितो.

बाख आणि हेज यांचा २००२ चा अभ्यास सगळे सांगतात. इस्पितळात दाखल ८० रुग्ण, ४५-५० मिनिटांची फक्त चार सत्रं, आणि पुढच्या चार महिन्यांत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण निम्म्यावर. आकडा डोळ्यांत भरतो. पण ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या लाइफएंगेज चाचणीत ९६ रुग्ण होते, आणि ॲक्टची तुलना नुसत्या मैत्रीपूर्ण गप्पांशी केली तेव्हा एकंदर मानसिक स्थितीत फरक दिसला नाही. २०२२ ची इंटरॅक्ट चाचणी तर नेमकी आपल्या विषयावरची आहे : बेल्जियम आणि नेदरलँड्समधले १४८ जण, पहिला झटका आलेले किंवा येण्याचा मोठा धोका असलेले, सत्रांच्या जोडीला फोनवर ॲप. मुख्य मोजमाप होतं सायकोसिसमुळे होणारा त्रास, आणि त्यात फरक सिद्ध झाला नाही.

ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत सीबीटीची (विचार आणि वागणं यांवर काम करणाऱ्या थेरपीची) किमान १६ सत्रं आणि कुटुंबासोबतची किमान १० सत्रं सांगितली आहेत. ॲक्टचं नाव त्या यादीत नाही. म्हणून नातेवाइकांना 'यानं आवाज जातील' असं कोणीही सांगू नये.

निमपर्णी

@गोरेवाडा सर, आकडे बरोबर आहेत, पण अर्धेच आले. इंटरॅक्टमध्येच रोजचं कामकाज आणि निरुत्साहासारखी लक्षणं यांत सुधारणा दिसली. आणि २००२ च्या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ॲक्ट घेतलेल्यांनी लक्षणं जास्त कबूल केली, पण त्यांवरचा विश्वास कमी झाला. म्हणजे 'आवाज येतो' हे माणूस मोकळेपणी सांगतो आणि तरीही त्याच्या मागे जात नाही. कबुली वाढली म्हणून आजार वाढला असं आपण धरतो आणि लगेच डोस वाढवायला पळतो, तिथे थांबायला हवं.

'आवाज जातील असं सांगू नये' हे मात्र शंभर टक्के मान्य. तो या थेरपीचा दावाच नाही.

सक्करदरा_भाऊ

वॉर्डातल्या कामाचं सांगतो. पेशंट बसल्या जागी पाय हलवून राह्यला, उठते-बसते, येरझारा मारते, म्हणते "आतून कसंतरी होऊन राह्यलं", तं त्याले 'बेचैनीले जागा दे' शिकवू नका. ती गोळीची बेचैनी असू शकते, अकाथिसिया. हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही दिवसांत दिसते. ते सोसाची गोष्ट नाही, त्याच दिवशी डॉक्टरले कळवाची गोष्ट आहे. डोस कमी करते, नाहीतर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देते. लोकं त्या बेचैनीनंच गोळ्या सोडते आणि मंग बोट ठेवते आजारावर.

एक वळखाची खूण : चिंतेचा पेशंट मनातली भीती सांगते, अकाथिसियाचा पेशंट पायाकडे बोट दाखवते.

शून्य_मैल

भाऊ, हे कुठल्याही ॲक्टच्या पुस्तकापेक्षा आधी वाचायला हवं. म्हणजे सत्राच्या सुरुवातीलाच गोळ्या, झोप, पाय हे विचारून घ्यायचं.

ऊन_सावली

आणि नागपुरात आणखी एक, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सायकोसिसच्या बऱ्याच गोळ्या शरीराचं तापमान सांभाळण्याच्या यंत्रणेत अडथळा आणतात. सोबत ट्रायहेक्सीफेनिडिल (पॅसिटेन) असेल तर घामही कमी येतो. लिथियम असेल तर पाणी कमी पडल्यावर रक्तातली पातळी चढते. क्लोरप्रोमाझीनवर कातडी उन्हात भाजते. म्हणून 'मोलाच्या दिशेने पाऊल' म्हणून अंबाझरी तलावावर चक्कर ठरवली असेल तर ती सकाळी सहाला नाहीतर दिवस मावळल्यावर. दुपारी बारा ते पाच काहीही बाहेरचं ठरवू नका.

त्यात पुन्हा ओलान्झापिन, क्वेटियापिन रात्री घेतलेल्या मुलाला सकाळी सहा जमत नाही, डोकं जड असतं. मग संध्याकाळ. पाऊल फसलं की आपण म्हणतो 'प्रेरणा नाही'. खरं कारण बहुतेकदा गोळीची वेळ असते.

चौथा_बाक

आवाज आणि उन्हाळा यांचं अजून एक नातं आहे, कूलर. काही रुग्णांना खराखुरा आवाज चालू असतानाच त्याच्या सोबतीने माणसांचे आवाज ऐकू येतात. पंखा, नळाचं पाणी, कूलरची घरघर. पंखा बंद केला की आवाजही बंद. एप्रिल ते जून रात्रभर कूलर चालतो, त्यामुळे 'उन्हाळ्यात आजार वाढला' असं घरचे सांगतात, तेव्हा कूलर चालू-बंद करून काय फरक पडतो ते विचारावं. फरक पडत असेल तर खाट दुसऱ्या भिंतीला सरकवणं किंवा पंपाची खडखड दुरुस्त करून घेणं हासुद्धा उपचाराचाच भाग.

हाच कूलर व्यायामाला कामी येतो. आधी पाण्याची टपटप ऐकायची, मग मोटरची घरघर, मग रस्त्यावरचा ऑटो, मग खोलीतला स्वतःचा श्वास. चार आवाज नीट ओळखता आले की पाचवा म्हणून तो मनातला आवाज. त्याचे शब्द ऐकायचे नाहीत. तो जाडा की बारीक, डावीकडून की उजवीकडून, हळू की जोरात, एवढंच टिपायचं. वीस सेकंद, आणि परत टपटपीकडे. हे ये-जा करणं हाच व्यायाम. आवाजावर मुक्काम करायला लावलं की घाबरगुंडी उडते.

तर्री_पोहा

ॲक्टमधल्या त्या बसच्या व्यायामाबद्दल कोणी लिहिलंच नाही! बर्डीवरून हिंगण्याला निघालेली आपली बस, मागे प्रवासी (म्हणजे मनातले विचार, आवाज) बोंबलून राह्यले आणि ड्रायव्हर म्हणजे आपण. माझा प्रश्न : या बसमध्ये कंडक्टर कोण?

निमपर्णी

तर्री_पोहा, प्रश्न गमतीचा असला तरी उपयोगाचा आहे, खाली येते त्यावर.

लंडनच्या गटाने सायकोसिससाठी चार गटसत्रांचा कार्यक्रम बसवला, त्याचा कणा हाच बसचा व्यायाम आहे. कसा घ्यायचा ते लिहिते. आधी ड्रायव्हर बस कुठे न्यायची ते ठरवतो, उदाहरणार्थ 'धाकट्या बहिणीचा अभ्यास घेणं'. मग प्रवाशांची वाक्यं तो स्वतः लहान चिठ्ठ्यांवर लिहितो : "तुला काही जमणार नाही", "सगळे तुलाच बघतात". तीन-चार पुरे. गटातले बाकीचे एकेक चिठ्ठी घेऊन मागे उभे राहतात. पहिली फेरी : ड्रायव्हर बस थांबवून प्रवाशांशी भांडतो. बस जागेवरच. दुसरी फेरी : प्रवासी म्हणतील तिकडे वळतो. बस भलतीकडे. तिसरी फेरी : प्रवासी ओरडत राहतात, तो त्यांना 'बसा' म्हणतो आणि ठरलेल्या रस्त्याने चालत राहतो. प्रत्येक फेरी दोन मिनिटं, नंतर बसून बोलणं दहा मिनिटं.

चुका कुठे होतात? सगळ्यात भीतीदायक आवाजाचं वाक्य पहिल्याच वेळी चिठ्ठीवर घेतलं जातं. ते घ्यायचं नाही, मध्यम त्रासाचं घ्यायचं. चिठ्ठी वाचणारे नाटकी ओरडतात. सपाट सुरात वाचायला सांगायचं. आणि जो मुलगा अजून संशयाच्या भरात आहे तो 'हे लोक खरंच माझ्याविरुद्ध आहेत' असं घेऊ शकतो. त्याला पहिल्या वेळी बघणाऱ्यांत बसवा. 'ही आपण रचलेली बस आहे' हे सुरू करताना आणि संपवताना दोन्ही वेळा म्हणायचं.

कंडक्टर म्हणजे घरचे, असं मी धरते. दार सांभाळा, थांबा आला की सांगा. स्टिअरिंगला हात लावू नका, आणि मागे जाऊन प्रवाशांशी भांडूही नका.

संत्रा_बर्फी

घरच्यांनी नेमकं काय बोलायचं ते मराठीत लिहून द्या ना. "लक्ष नको देऊ" हे वाक्य दर घरात दिवसातून पन्नास वेळा बोललं जातं.

चौथा_बाक

@संत्रा_बर्फी, 'लक्ष नको देऊ' ऐकून मूल आवाज लपवायला लागतं. त्याऐवजी : "तुला ऐकू येतंय हे मला समजलं. मला नाही ऐकू येत. त्रास किती होतोय आत्ता?" आणि उत्तर मिळाल्यावर चालू असलेलं काम पुढे : "चल, आपण कणीक मळून घेऊ." आवाजाच्या मजकुरावर चर्चा नाही. खरं-खोटं करायचं नाही, हो ला हो पण लावायचं नाही.

शेजारी कॅमेरा लावून बसलेत अशा संशयातही हेच. 'तुझ्या मनात असा विचार येतोय' हे वाक्य ॲक्टमध्ये नेहमीचं आहे, पण पक्क्या संशयात ते 'तू खोटं बोलतोस' असं ऐकू जातं आणि नातं तुटतं. तिथे विचाराला हात न लावता फक्त किंमत विचारायची : खिडकी किती दिवस बंद आहे, मित्र कधीचे आले नाहीत, आज दहा मिनिटं उघडून बघायची का?

आपल्याकडे घरचे सोबत असतात ही मोठी ताकद आहे. चेन्नईच्या स्कार्फ या मानसिक आजारांवर काम करणाऱ्या संस्थेच्या आणि मॉन्ट्रियलच्या पहिल्या झटक्याच्या केंद्रांची तुलना झाली, त्यात भारतातल्या कुटुंबांचा सहभाग जास्त दिसला. आवाजांचंही तसंच. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी अमेरिकेतलं सॅन मॅटेओ, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० जणांशी बोलून लिहिलं की चेन्नईत पुष्कळांना आवाज नातेवाइकांचे ऐकू येत, रागावणारे, पण घरकामं सांगणारेही. म्हणून 'आवाज कोणाचा' हे विचाराच. वारलेल्या आजीचा असेल तर त्या आवाजापासून 'सुटं हो' म्हणणं मुलाला आजीचा अपमान वाटेल. तिथे "आजीला नमस्कार, आणि आता मी माझं काम करतो" हे वाक्य जमतं.

बर्डीकर

बरेच लोक आधी ताजबागला (ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यावर) नेतात, त्याचं काय? आमच्या ओळखीत 'स्वीकार'चा अर्थ 'बाबांची मर्जी' असा लावला आणि गोळ्या बंद केल्या.

गोरेवाडा

@बर्डीकर, दर्ग्यावर किंवा मंदिरात जाण्याला विरोध करू नये, त्याने फक्त आपला रुग्ण तुटतो. ताजुद्दीन बाबांना स्वतःला १८९२ ते १९०८ या काळात नागपूरच्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं, हे भक्तांनाही ठाऊक आहे. दुवा आणि दवा दोन्ही चालू द्या, एवढंच म्हणायचं.

गोळ्या मात्र बंद नाहीत. पहिल्या झटक्यातून बरं वाटल्यानंतरही किमान एक ते दोन वर्षं. १९९९ च्या रॉबिन्सन यांच्या अभ्यासात गोळ्या सोडल्यावर पुन्हा झटका येण्याचा धोका जवळजवळ पाचपट झाला होता. उपासाच्या दिवसांतही विचारा : लुरासिडोन असेल तर ती किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घ्यावी लागते, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. नवरात्रात नुसत्या फळांवर राहिलेला मुलगा गोळी घेत असला तरी ती त्याला पुरेशी लागू पडत नाही.

दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दलही लिहितो, कारण 'हे तेच ना?' म्हणून लोक विचारतात. ते हे नाही. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी त्या शिबिराला येऊ नये असं त्यांची स्वतःचीच सूचना सांगते. दिवसाचे दहा तास मौनात बसणं आणि थेरपिस्टच्या सोबतीने दहा मिनिटं यांत मोठं अंतर आहे.

ऊन_सावली

कानात इअरफोन घालणं चुकीचं का, ही शंका मला मिटवायची आहे. निमपर्णी ताईंच्या हिशेबाच्या यादीत गाणी आली म्हणून वाचणाऱ्याला ती वाईट वाटतील. बसमध्ये बसून कॉलेजला पोचायला गाणी ऐकली तर तो उत्तम उपाय. गाणी संपतील म्हणून घराबाहेरच पडत नाही, हे झालं तर अडचण. त्याच गोष्टीकडे 'ती कुठे नेते' म्हणून बघायचं, बंदी नाही घालायची.

निमपर्णी

बरोबर, हे मी लिहायला हवं होतंच, तुम्ही लिहिलंत.

संत्रा_बर्फी

मोलाचं काय ते कसं काढायचं? "आयुष्यात तुला काय महत्त्वाचं वाटतं" विचारलं की मुलं खाली बघतात.

चौथा_बाक

एवढा मोठा प्रश्न विचारूच नका. "आवाज निम्मा झाला असता तर उद्या संध्याकाळी काय केलं असतंस?" असं विचारा. उत्तर येतं : दुकानात बाबांसोबत बसलो असतो. मग पाऊल : गुरुवारी संध्याकाळी ७ ते ७.२०, गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा, गल्ल्यावर नाही, मागच्या स्टुलावर, बाबा सोबत. आवाज आला तर काय करायचं तेही आधी ठरवायचं : तीन वस्तूंची नावं मनात म्हणायची आणि बसून राहायचं. जमलं तर पुढच्या वेळी ३० मिनिटं. नाही जमलं तर १०, आणि अडलं कुठे ते बघायचं. परीक्षेचा फॉर्म भरणं हे पहिलं पाऊल कधीच नसावं.

सक्करदरा_भाऊ

गोंदिया, गडचिरोलीचे लोकं महिन्यातून एकदाच गोळ्याले येते. त्याहीले आठवड्याचं सत्र कुठून जमणार? त्याच दिवशी सत्र लावा, आणि मधात आठवड्याले १५ मिनिट फोन. रात्रीबेरात्री वाढलं तं टेलिमानस, म्हंजे सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलते.

शून्य_मैल

सगळ्यांचे आभार. आता शेवटचा प्रश्न : प्रगती कशी मोजायची, आणि कधी थांबून डॉक्टरांकडे परत पाठवायचं?

निमपर्णी

दर सत्राला तीन आकडे, ० ते १० : आवाजाचा त्रास किती, त्याचं म्हणणं किती खरं वाटलं, आणि त्यापायी ठरलेलं किती राहून गेलं. आवाज किती वेळा आला तो आकडा मुद्दाम ठेवत नाही, नाहीतर मूल दिवसभर मोजत बसतं. दुसरा आणि तिसरा आकडा उतरायला हवा. पहिला मागून उतरतो, कधी उतरत नाही.

परत पाठवायचं : आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगत असेल आणि त्याला विरोध करणं जड जातंय असं तो म्हणाला तर त्याच दिवशी. हे प्रत्येक सत्रात थेट विचारायचं, आडून नाही. दोन-तीन रात्री झोप नाही, जेवणावर संशय, गोळ्या थुंकणं, भाऊंनी सांगितलेले पाय, हे दिसलं तर त्याच आठवड्यात. घरात मारहाण होत असेल तर तीही 'जागा देण्याची' गोष्ट नाही, ती थांबवायची.

गोरेवाडा

एक भर. मूल बरं असताना एक सत्र पुढच्या झटक्याच्या खुणांसाठी ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे सज्ञान माणूस आपल्याला उपचार कसे हवेत, कसे नकोत हे आगाऊ लिहून ठेवू शकतो आणि आपला प्रतिनिधी नेमू शकतो. कोणाला आधी फोन करायचा, कुठली गोळी पूर्वी सोसली नाही, दाखल करताना सोबत कोण हवं, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. एक प्रत घरी, एक फाइलला, आणि फाइलमधली पहिल्याच पानावर लावा.